हात मांडीवर ठेवून

कुसुम,

पेपरातला तुझ्यावरचा चौकटीतला मजकूर दुसऱ्या कुणीतरी लिहिला. छापून आल्यावर मी तो सवयीने तपासला. शाळेचं नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं, नातेवाईक ज्या क्रमाने यायला हवेत त्याच क्रमाने आले होते. होडीचा उल्लेख नव्हता. लिहिणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही. राजुरीच्या निवृत्त क्रीडाशिक्षिकेच्या निधनवृत्तात होडी कुठे बसवायची, हे मलाही सुचलं नसतं, आणि माझं आयुष्य तर पेपरात असाच मजकूर बसवण्यात गेलं. म्हणून होडी इथे लिहिते.

ती टेम्पोतून राजुरीत आली त्या दिवशी मी तुझ्याकडेच होते. कुठल्याशा क्लबाने काढून टाकलेली फायबरची छोटी होडी. डोलकाठी वेगळी बांधलेली, शीड गोणपाटात गुंडाळलेलं. टेम्पोभोवती माणसं जमली आणि सगळ्यांचं मत पडलं की बाईंनी पाण्याची टाकी आणली.

"बाई, टाकीला नळ कुठंय?" तुझा शेजारी शिवराम म्हणाला.

उत्तर दाजींनी दिलं. तुझ्या नवऱ्याला मी लग्नापासून दाजीच म्हणते, तेव्हा इथेही तेच. "नळ न्हाई. हिच्यात पानी भरायचं नसतं, हिला पान्यात भरायचं असतं. मलाबी कालच कळलं."

कॉलेजात असताना तू खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाची होडी शिकलीस. वसतिगृहातली तुझी खोलीसोबती म्हणून मी काठावर तुझ्या चपला सांभाळत बसायचे. नंतर तुझं लग्न झालं, शाळा सुरू झाली, पोरांच्या खो-खोच्या स्पर्धा, शेत. पाण्याचा विषय तू काढत नव्हतीस, म्हणून मला वाटलं संपला असेल. निवृत्तीनंतर पहिली वस्तू तू होडी आणलीस आणि येडगाव धरणाच्या फुगवट्यावर, ओळखीच्यांच्या उसाच्या बांधाला नेऊन ठेवलीस.

हात त्याच सुमारास थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण जाणारही नाही. काही करायला गेलं की थरथर सुरू होणार. हात मांडीवर ठेवला की शांत. चहाचा कप, कुलपाची किल्ली, सुईदोरा, सगळ्याशी तुझं नव्याने भांडण सुरू झालं. त्यात सुकाणूचा दांडाही आला. हाताची थरथर दांड्यात उतरायची, दांड्यातून होडीत, आणि होडी वेडीवाकडी जायची. मी काठावरून पाहत होते. तू उतरून म्हणालीस, "बघितलंस माझं अक्षर?"

दाजींनी त्याच आठवड्यात जाहीर केलं, की आता एकटीनं पाण्यात जायचं नाही.

"मग तुम्ही चला," तू म्हणालीस.

"मला पवता येत न्हाई."

"मग कुणाबरोबर जाऊ? अख्ख्या राजुरीत शीड कुणाला येतं?"

"त्ये मी कसं सांगू? मी काय शिडाचा सरपंच हाये?"

त्या घरात एकटीनं जायचं नाही याचा अर्थ अजिबात जायचं नाही असा होता, आणि तो तुम्हा दोघांनाही कळत होता. तू भाकऱ्या थापत होतीस. पीठ परातीबाहेर सांडत होतं. दाजी ते बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. शेवटी ते म्हणाले, "होडी तुझा हात न लागता ह्या काठानं त्या काठाला जाती का? जाती तर जा एकटी. मग हात हालंना का."

असं काही होऊच शकत नाही या खात्रीने ते बोलले होते. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "ठरलं."

पहिला उपाय दाजींचाच होता, हे नोंदवून ठेवायला हवं. ट्रॅक्टर आल्यावर त्यांनी शेवटची बैलजोडी बेल्ह्याच्या बाजारात विकली होती. कासरे तेवढे खुंटीला राहिले होते. पूर्वी बेल्ह्याहून परतताना ते गाडीत झोपून जायचे आणि बैल गाडी घरापाशी आणून उभी करायचे. त्यामुळे न हाकता चालणाऱ्या वाहनाचा अनुभव त्यांना तुझ्यापेक्षा जास्त होता. त्यांचं म्हणणं सोपं होतं. दोन्ही कासरे सारखे ताणून बांधले की गाडी सरळ जाते. त्यांनी सुकाणूचा दांडा दोन्ही बाजूंनी कासऱ्याने बांधला, वितीने मोजून, अगदी सारखा.

होडी थोडं अंतर सरळ गेली. मग तिने नाक वाऱ्याकडे वळवलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. शीड दोरीवरच्या धुण्यासारखं फडफडायला लागलं.

"हान की," दाजी काठावरून ओरडले.

"कुणाला हाणू?" तू पाण्यातून विचारलंस.

होडी मागे मागे यायला लागली. परतताना मोटारसायकलवर तू त्यांना समजावत होतीस. मी मागून गाडीने येत होते, पण तुझे हातवारे दिसत होते. शिडावर वारा आला की होडीला वाऱ्याकडे तोंड करायचं असतं. हातात दांडा असला की आपण नकळत तिला आवरत असतो. दोन्ही दोऱ्या सारख्या म्हणजे तिला आवरणारं कुणीच नाही.

घरी आल्यावर दाजींनी हात-पाय धुतले, आणि मग त्यांचा निष्कर्ष आला. "म्हंजे एका अंगाचा बैल वढाळ हाय. त्येचा कासरा आखूड धराया पायजे."

तसंही केलंत. वारा एकसारखा असेपर्यंत जमलं. वारा वाढला की आखूड कासरा कमी पडायचा, वारा पडला की जास्त व्हायचा. वाऱ्याबरोबर कमी-जास्त होणारी ओढ हवी होती, आणि तशी ओढ होडीत एकाच ठिकाणी होती: खुद्द शिडाच्या दोरीत. ती दोरी कप्पीवरून फिरवून दांड्याला बांधायची, समोरून रबराचा ताण द्यायचा. वारा वाढला की दोरी दांडा आपल्याकडे ओढेल आणि होडीचं नाक आवरेल. वारा पडला की रबर दांडा परत नेईल. एकट्याने लांब जाणारे खलाशी असं करतात, हे तू कुठेतरी वाचलं होतंस. वाचलेलं आणि बांधलेलं यांत सगळा उन्हाळा गेला.

अडलं रबरावर. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या फार ताठ निघाल्या. गलोलीचं रबर तुटलं. मग तू रक्त तपासायला दवाखान्यात गेलीस, मी सोबत होते, आणि नर्सने दंडाला रबरी नळी बांधली तेव्हा तुझं सुईकडे लक्षच नव्हतं. दुसऱ्या हाताने तू त्या नळीचं टोक ताणून बघत होतीस.

"ही कुठे मिळते?"

"बाई, आधी सुई काढू द्या," नर्स म्हणाली.

ती नळी चालली. मी तेव्हा प्रश्न विचारला, कारण माझं कामच ते. हात न लावता चालणारी होडी तू पाण्यात पडलीस तरी चालतच राहील, तुझ्यासाठी थांबणार नाही, तेव्हा काय? पुढच्या खेपेला मी आले तर होडीच्या मागे लांब दोरी सोडलेली होती, गाठी मारलेली, आणि तिचं पुढचं टोक रबराच्या फासात अडकवलेलं. दोरीला हिसका बसला की फास सुटणार, दांडा मोकळा होणार, होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहणार. दाजींनी केलेली चूक तू कामाला लावली होतीस.

चाचणीसाठी पडायचं कुणी? तू होडीत हवी होतीस, तेव्हा पोहता येणारी उरले मीच, पेठ गावच्या विहिरीत शिकलेली. साडीवर तरंगायचं जॅकेट चढवून मी तुझ्याबरोबर आत गेले आणि तू सांगितलंस तेव्हा उडी मारली. पाणी अपेक्षेपेक्षा गार होतं. दोरी शेजारून सरकत गेली, मी गाठ पकडली, हिसका बसला, आणि होडी पुढे जाऊन खरंच थांबली. काठावर दाजी डोक्याला हात लावून बसले होते. "शिकलेल्या बाया हायेत ह्या," ते शिवरामला सांगत होते.

त्यावरही मी मागे हटले नाही. मी म्हटलं, माझा हात स्थिर आहे, तुला पाण्यात ती गाठ धरता येईल का? तू म्हणालीस, "थरथरत का होईना, धरीन. कपातला चहा सांडतो, कप पडत नाही." मला ते पुरेसं वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. तो वाद आपण तिथेच ठेवला आहे.

मग परीक्षेचा दिवस. दाजी मोटारसायकलवरून वळसा घालून पलीकडच्या काठाला गेले आणि ठरलेल्या बाभळीखाली उभे राहिले. मी अलीकडे. तू शीड ताणलंस, रबर अडकवलंस, थोडा वेळ दोऱ्या सैल-घट्ट केल्यास, आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलीस. हात शांत होते. इतक्या दिवसांत तुला काही करताना आणि हात शांत असताना एकाच वेळी मी पहिल्यांदा पाहिलं.

होडी निघाली. नाक थोडं इकडे जायचं, दांडा आपोआप हलायचा, नाक परत यायचं. अर्धं पाणी तू असं ओलांडलंस. मग वारा सरकला. बाजूच्या टेकाडामुळे असेल किंवा दुपार झाल्यामुळे. थोडाच सरकला, पण होडी त्याच्याबरोबर सरकली, कारण तिचं जमलं होतं ते वाऱ्याशी. बाभळीशी तिचं काही ठरलेलं नव्हतं. दाजींनी खांद्यावरचा टॉवेल काढून हलवायला सुरुवात केली. एक बोट लावलं असतं तर होडी वळली असती. तू हात उचलले नाहीस. दाजी टॉवेल हलवत राहिले आणि तू त्यांच्यासमोरून, जत्रेला निघाल्यासारखी, धरणाच्या भिंतीच्या दिशेने निघून गेलीस.

मी गाडीने पोचले तेव्हा तू चिखलात होडी टेकवून मेंढरांच्या वाड्यापाशी दगडावर बसली होतीस. पाणी ओसरलेल्या जमिनीवर चरायला आलेलं एक कुटुंब तिथे उतरलं होतं. दाजी चिखलाने माखलेली मोटारसायकल ढकलत आले होते. वाड्यावरची बाई त्यांना सांगत होती, "मला वाटलं बाईचं काय खरं न्हाई. हात मांडीवं, डोळं समूर, न होडी आपली येतीया. म्हनलं, आजारी हाय जनू."

"आजारीच आहे," तू म्हणालीस. "म्हणून तर."

मग भांडण. दाजींचं म्हणणं, होडी बाभळीपाशी आली नाही, सबब अट मोडली. तुझं म्हणणं, अट काठाची होती. बाभूळ त्यांनी नंतर घुसडली. निकाल माझ्यावर सोपवला. मी सांगितलं की होडीला हात लागला नाही, होडी पलीकडच्या काठाला लागली, आणि ठरलेल्या जागी लागली नाही.

दाजींनी टॉवेल परत खांद्यावर टाकला. "ताई, तुमाला निकाल इचारला तर तुमी बातमी दिली."

वाड्यावरच्या बाईने चहा आणला. तू कप घेतलास आणि तो सांडायला लागला. दाजी माझ्याशी बोलत होते, बाभळीची बाजू लढवत होते. बोलता बोलताच त्यांनी आपला तळहात तुझ्या कपाखाली धरला. चहा संपेपर्यंत ते बाभळीबद्दल बोलत राहिले आणि हात तिथेच राहिला. परत जाताना तू त्यांच्या मागे गाडीवर बसलीस. काय बोलणं झालं ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "जा. पन कुठं लागनार त्ये आदी सांगत जा."

"वाऱ्याला विचारून सांगते."

त्यानंतर तू एकटी जायला लागलीस. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात, मागे गाठींची दोरी, अंगात जॅकेट. दाजी शेतातून फोन करायचे, आणि काम बांधावर टाकून तू लागशील त्या काठाला गाडी घेऊन यायचे. फुगवट्याभोवतालच्या वस्त्यांवर त्यांच्या ओळखी झाल्या. एका घरून त्यांनी शेळी आणली, एका ठिकाणी भाच्याचं लग्न जमवलं.

मी तुला एकदा विचारलं होतं, होडीच सगळं करते तर तू तिथे काय करतेस? तू म्हणालीस, बघते. मी म्हटलं, बघायला काठ काय वाईट आहे? तू वैतागलीस. म्हणालीस, "शाळेत इतकी वर्षं मी शिट्टी तोंडात धरून मैदान बघितलं. आता काही आवरायचं नाही, नुसतं बघायचंय, आणि जायचंयही. दोन्ही एका वेळी दुसरीकडे कुठे मिळतं ते सांग." दिवाळीत येऊन सांगीन, एवढंच मी म्हणाले होते. त्याआधी तुला दुसरंच काहीतरी झालं, ज्याचा हाताशी काही संबंध नव्हता. चौकटीत त्याचा उल्लेख आहे. इथे नको.

दवाखान्यात तू फारसं बोलत नव्हतीस. मला म्हणालीस, "रबर उन्हात ठेवू देऊ नकोस." मी हो म्हटलं. अजून काहीतरी म्हणायला हवं होतं: की होडीतून तुझ्यासारखं जायला मला आवडलं असतं, की काठावर चपला सांभाळणं हे माझ्या आयुष्यातलं बरं काम होतं. नर्स आली आणि ते राहिलं. ते आता लिहिते. वेळेत पोचलं नाही याची कल्पना आहे.

दहाव्यानंतर नातेवाइकांत होडीचा विषय निघाला. मासेमारांना द्यावी, असं एक मत. शाळेपुढे ठेवून तिच्यात फुलझाडं लावावीत, असं दुसरं. ते बऱ्याच जणांना आवडलं. दाजी काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना चालेल.

मागच्या रविवारी मी नवी रबरी नळी घेऊन राजुरीला गेले. घराला कुलूप होतं. शेजारच्या सूनबाईंनी सांगितलं, "विहिरीवं हायेत. जा, बघा गंमत."

विहिरीच्या कठड्यावर शिवराम बसला होता. त्याच्या हातात दोरी होती आणि ती खाली दाजींच्या कमरेला गेली होती. दाजी शेवटच्या पायरीवर, छातीभर पाण्यात, पाठीला दोन प्लास्टिकचे डबे बांधलेले. दोन्ही हातांनी पायरी घट्ट धरलेली.

"म्हसरं एवढी भीत न्हाईत, राव," शिवराम म्हणत होता.

"म्हसराला कुनी अट घातलीया का?" दाजी म्हणाले. मग त्यांना मी दिसले. ते थोडे ओशाळले, पण बाहेर आले नाहीत.

"कसली अट, दाजी?"

"तुमाला न्हाई सांगितली तिनं? त्या मेंढरांच्या वाड्यावनं येताना. गाडीवं मागं बसून म्हनली, मी तुमची अट पुरी केली, आता माझी ऐका. आदी पवायला शिका, मग होडीत बसा माझ्या शेजारी. माझे हात रिकामेच असत्यात." त्यांनी पायरी पुन्हा घट्ट धरली. "मी म्हनलं, ह्या वयात कुटं. हसली नुसती. मग ऊस आला, कांदा आला. ऱ्हाऊन गेलं."

तू मला हे कधी सांगितलं नाहीस. एकटीनं जाण्यासाठी एवढा उन्हाळा लढलीस, आणि जिंकून परतताना गाडीवरच तू जागा दुसऱ्याला देऊ केली होतीस. मी कठड्यावर बसले.

"होडी कुनाला देनार न्हाई," दाजी पाण्यातून म्हणाले. "फुलझाडं लावायला गावात कुंड्या लई हायेत. ताई, शीड तुमाला येतं का?"

"नाही. पण शिकवणारे पुण्यात आहेत. विचारते."

"इचारा. मी तवर एवढं उरकतो."

"उरकतो म्हनं," शिवराम म्हणाला. "आठ दिस झालं, पायरीशी लगीन लागलंय ह्याचं. सोड की आता."

दाजींनी एक हात काढला, परत ठेवला. वर आमच्याकडे बघितलं नाही. मग त्यांनी दोन्ही हात काढले.

ते आधी खाली गेले. डबे वर आले, त्यांच्यामागून पांढरे केस आले, मग खोकणारं तोंड. हात-पाय कुठल्याही शास्त्रात न बसणारे हलत होते, पण पायरी त्यांच्यापासून लांब जात होती. शिवराम उभा राहिला आणि दोरी ओढायला लागला.

"वढू नगं," दाजी खोकत म्हणाले. "सैल सोड. सैल."